नाव बाबांचं, नंबर तिचा

ती परत आली तेव्हा तिला वाटलं होतं, सगळे आपली वाटच बघत असतील. लांबच्या देशात चार वर्षं राहून ती एकच गोष्ट शिकली होती: माणसं ऑनलाइन खरेदी करताना कशी फसतात आणि त्यांना कसं वाचवायचं. परतीच्या प्रवासात तिनं वहीची अकरा पानं भरली. वाचनालयातला वर्ग, घरोघरी भेटी, म्हाताऱ्या माणसांसाठी मोठ्या अक्षरांतली पुस्तिका. सुरुवात अर्थातच स्वतःच्या घरापासून.

प्रत्यक्षात ती वडिलांच्या दुकानाच्या दारात बॅग घेऊन उभी राहिली, तेव्हा ते एका शिलाई मशीनला कान लावून बसले होते. त्यांनी मान वर केली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "या. मशीन आणलंय का?"

आपल्या बापानं आपल्याला ओळखलं नाही, हे कळायला तिला एक क्षण लागला.

हे मला कसं ठाऊक, असं तुम्ही विचाराल. त्याच आठवड्यात ती मला घ्यायला बँकेत आली आणि खिडकीतल्या बाईंना, त्यांनी काही विचारलेलं नसताना, हे सगळं सांगून बसली. मी तिथल्याच खणात पडलो होतो. मी म्हणजे एक प्रीपेड कार्ड.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लॅस्टिकच्या मोठ्या पांढऱ्या तक्त्यातून आम्ही कापले गेलो, एका वेळी चाळीस-चाळीस. मग कुणी पोटात सोनेरी चिप बसवली, कुणी अंगावर आकडे छापले. तुम्हा माणसांना आपल्या शेवटाची तारीख माहीत नसते. आमच्या तोंडावरच ती छापलेली असते, महिना आणि साल. त्यामुळे आम्ही फार मोठी स्वप्नं बघत नाही. तरी खणात पडल्या पडल्या आम्ही बोलायचो. कुणाला प्रवासाला जायचं होतं, कुणाला बूट विकत घ्यायचे होते. आमची काही भावंडं तर नुसती फोनमध्येच जन्मतात. त्यांना अंग नसतं, फक्त आकडे. एका खरेदीपुरती जगतात आणि संपतात. त्यांचा आम्हाला हेवा वाटायचा आणि कीवही यायची.

आमचं काम साधं आहे. तुमच्या बचतीच्या खात्याशी आमचा काही संबंध नसतो. आमच्यात जेवढे पैसे भराल तेवढेच आमच्याकडे. कुणी लबाडानं आमचा नंबर पळवला, तर त्याच्या हाती आमच्यातले तेवढेच लागतात. घराच्या फाटकावर उभं राहून चोराला म्हणायचं, माझं घे आणि जा, आत येऊ नकोस. लुटलं जाणं हेच आमचं काम.

"कोणाच्या नावावर हवंय?" बँकेतल्या बाईंनी विचारलं.

"बाबांच्या."

"मोबाइल नंबर त्यांचाच?"

"नाही, माझा टाका. त्यांना मेसेज वाचता येत नाहीत नीट. डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचंय."

अशा रीतीनं माझ्यावर नाव बाबांचं लागलं आणि नंबर तिचा. त्या वेळी मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

बाबांना सगळे मिस्त्री म्हणतात. शिलाई मशीनच्या दुरुस्तीत त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नाही. मशीन दुकानात आलं की ते आधी चालवून ऐकतात. आवाजावरून सांगतात, पट्टा सैल झालाय, की सुई वाकलीये, की खालच्या धाग्याची गडबड आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला लागले तशी ही कानांची आणि बोटांची कला आणखीच वाढली. शिवाय एक नियम त्यांनी तीस वर्षं पाळला होता. मशीन हातात घेतलं की तारीख द्यायची, आणि दिलेली तारीख चुकवायची नाही. शिवणारीचं पोट त्या मशीनवर असतं, असं ते म्हणत.

ऑपरेशनचे पैसे त्यांनी एक एक मशीन करून बँकेत साठवले होते. डॉक्टरांनी दिवसही दिला होता. उशीर करू नका, उजवा डोळा फार थांबणार नाही, असं बजावलं होतं. त्या पैशांची राखण करायलाच मला घरात आणलं गेलं.

मला हातात देताना ती दुकानाच्या बाकावर मांडी घालून बसली आणि तिनं सगळं नीट समजावलं. शिकवताना तिचे गाल लाल होतात.

"बाबा, बँकेचं मोठं कार्ड इंटरनेटवर कधीच वापरायचं नाही. त्याच्या मागे तुमचं ऑपरेशन आहे. ऑनलाइन काहीही घ्यायचं तर हे कार्ड. यात दर महिन्याला मी थोडे पैसे भरीन. जेवढे गेले तरी रडू येणार नाही, तेवढेच."

मिस्त्रींनी माझ्यावरून अंगठा फिरवला. "हे तर सपाट आहे. मोठ्या कार्डाचे आकडे वर आलेले आहेत, बोटांना कळतात. याचे मला वाचता यायचे नाहीत."

"मी पाटीवर मोठे लिहून देते ना."

"मास्तरीण आहेस खरी," ते म्हणाले. तेव्हापासून घरात तिचं नाव मास्तरीण पडलं. सुरुवातीला त्यात कौतुकच होतं.

पाटी दुकानातल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला टांगली गेली. मोठं कार्ड सुयांच्या पत्र्याच्या डबीत गेलं. मी मिस्त्रींच्या सदऱ्याच्या खिशात राहायला लागलो, डाव्या बाजूला, फूटपट्टी आणि खडूच्या सोबतीनं.

पहिले दिवस मजेचे होते. मी मशीनचं तेल घेतलं, चामडी पट्टे घेतले. आत्यांसाठी शेकायची पिशवी घेतली. आत्या म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. घर त्याच सांभाळतात, आणि दुपारी दुकानात डबा घेऊन येतात. पिशवी आली तेव्हा त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "न बघता, न हात लावता घेतली, आणि तरी बरी निघाली. सोयरीकसुद्धा इतकी बरी जमत नाही."

पण मी काहीही घेतलं की मेसेज तिच्या फोनवर जायचा. संध्याकाळी ती सहज म्हणायची, "आज साडेअकराला पट्टे मागवलेत ना?"

"तुला कसं कळलं?"

"मेसेज येतो की."

"असं होय," मिस्त्री म्हणायचे.

एकदा त्यांनी दिव्याचं भिंग मागवलं. मशीनच्या टेबलाला लावायचं, खाली बघितलं की बारीक वस्तू मोठी दिसते. मागवताना ते खूश होते. मला हातात धरून बोटांनी टकटक करत होते. संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, भिंग कशाला? महिन्याभरात डोळेच नवे होणार आहेत. उगाच खर्च. मी परत पाठवायचं सांगितलंय." तिच्या बोलण्यात राग नव्हता, हिशेबही नव्हता. प्रेमच होतं. मिस्त्री म्हणाले, "बरं." भिंगाचं खोकं दोन दिवस दुकानात न उघडता पडलं होतं, मग एक माणूस येऊन ते घेऊन गेला.

आणखी एकदा माझ्यातले पैसे महिना संपायच्या आधी संपले. ती दुकानात आली होती, दोन गिऱ्हाइकंही उभी होती. मिस्त्री हळूच म्हणाले, "त्यात थोडे भरशील का?"

"कशासाठी?" तिनं विचारलं. मोकळ्या आवाजात, वर्गात विचारावं तसं.

गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायला लागली. मिस्त्री म्हणाले, "राहू दे, तसं अडलेलं नाही." आणि मशीनच्या चाकाला विनाकारण तेल देत राहिले.

मला तोंड असतं तर मी तिला तिथेच सांगितलं असतं. पण आम्हाला फक्त हो किंवा नाही म्हणता येतं, तेही पैसे असतील तरच हो.

वाचनालयातला तिचा वर्ग मात्र जोरात होता. सकाळी दहाला तीस-पस्तीस माणसं जमायची. बहुतेक पन्नाशीच्या पुढची. कुणी बुटांचे पैसे भरून बूट न मिळालेलं, कुणी औषधांच्या नावाखाली पीठ घेतलेलं. ती त्यांना शिकवायची, आधी प्रीपेड कार्ड घ्या, मगच खरेदी करा. फुकट शिकवायची. बरी नोकरी चालून आली होती, ती तिनं नाकारली. "लोक रोज लुटले जातायत आणि मी गारेगार ऑफिसात बसू?" असं ती आत्यांना म्हणाली. आत्यांनी तिच्या पानात आणखी भात वाढला.

एक दिवस वर्ग कंटाळला असावा. तिनं त्यांना हसवायला घरचीच गोष्ट सांगितली. पूर्वी कधीतरी मिस्त्रींना फोन आला होता, तुम्हाला लॉटरीत गाडी लागलीये म्हणून. मिस्त्री म्हणाले होते, "मला गाडी चालवता येत नाही. त्याऐवजी एखादं भारी शिलाई मशीन देता येईल का?" आणि त्यासाठी मागितलेली फी भरायला निघालेही होते, आत्यांनी अडवलं म्हणून बरं. वर्ग पोट धरून हसला. त्या दिवशी सगळ्यांना धडा पक्का समजला, असं ती घरी येऊन आनंदानं सांगत होती.

वर्गात युनिफॉर्म शिवणाऱ्या मावशीही यायच्या. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "काय मिस्त्री, गाडीच्या बदल्यात मशीन आलं का मग?"

मिस्त्री हसले. "अजून वाटेत आहे."

मी त्यांच्या छातीला लागून होतो. माणूस मनापासून हसतो तेव्हा छाती हलते. ती हलली नाही.

त्यानंतर आठवडाभर जो येईल तो गाडीचं विचारायचा. मिस्त्री प्रत्येकाला उत्तर द्यायचे. पण लेकीशी ते मोजकं बोलायला लागले, आणि तिला वाटलं, ऑपरेशनची काळजी असेल.

आता मी त्या दिवसापाशी आलो आहे. तो मला टाळता आला असता तर बरं झालं असतं.

मावशींचं मशीन टाके सोडत होतं. शाळा उघडायला आठ दिवस आणि साठ युनिफॉर्म बाकी. मिस्त्रींनी कान लावला आणि सांगितलं, शटल झिजलंय. शटल म्हणजे मशीनच्या पोटातला तो गोल चकचकीत भाग, जो खालचा धागा वरच्या धाग्यात गुंफतो. मशीन जुनं, भाग बाजारात मिळेना. तरी तारीख देऊन बसले होते: शुक्रवार.

बुधवारी सकाळी त्यांनी फोन नाकाला लावून शोधायला सुरुवात केली. तासाभरानं सापडलं. फोटो अगदी त्याच शटलचा. वर मोठ्या लाल अक्षरांत, शेवटचा नग, फक्त आज. खाली बारीक अक्षरांत बरंच काही होतं, ते त्यांना दिसण्यासारखं नव्हतं. दुकानाचा पत्ता नव्हता, परत घ्यायची सोय नव्हती. लेकीनं वर्गात नेमकं हेच तपासायला शिकवलं होतं. पण मिस्त्री वर्गात कधी गेले नव्हते आणि त्यांना बारीक अक्षरं दिसत नव्हती.

किंमत माझ्यात होती त्याच्यापेक्षा थोडी जास्त होती. फार नाही. थोडीच.

त्यांनी पाटी बघून माझा नंबर टाकला. मी नाही म्हणालो. त्यांना वाटलं, आकडा चुकला. पुन्हा टाकला, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत. मी पुन्हा नाही म्हणालो. तिसऱ्यांदाही.

मग ते बराच वेळ फोन हातात धरून बसले. लेकीचा नंबर त्यांनी काढला होता. मी खिशातून बाहेर, टेबलावर होतो, मला दिसत होतं. अंगठा त्या नंबरावर टेकायचा बाकी होता. टेकला असता तर ती "कशासाठी" म्हणाली असती, कदाचित पैसे भरलेही असते, आणि संध्याकाळी लबाड माझ्यातलं सगळं घेऊन गेला असता. मी रिकामा झालो असतो आणि डोळे वाचले असते. एवढ्यासाठीच तर मला आणलं होतं.

त्यांनी फोन खाली ठेवला. कपाटातून सुयांची डबी काढली.

मोठ्या कार्डाचे आकडे त्यांनी बोटांनी वाचले, अजिबात न चुकता. शटलचे पैसे गेले. पाच मिनिटांत फोन आला. आवाज तरुण, गोड. "काका, पेमेंट अडकलंय. तुम्हाला एक कोड आला असेल, तेवढा सांगा, लगेच सोडवतो." पैसे तर आपणच देतोय, मग कोड सांगायला काय हरकत, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन कोड वाचून दाखवला. मग दुसरा. मग तिसरा. शेवटी तो तरुण म्हणाला, "थँक यू काका, शुक्रवारी सकाळी मिळेल," आणि मिस्त्री समाधानानं खुर्चीत टेकले.

दुपारी आत्या डबा घेऊन आल्या. मिस्त्री म्हणाले, "ताई, बँकेचे मेसेज आलेत, वाच बरं. एक शटल मागवलंय."

आत्यांनी चष्मा लावला. एक मेसेज वाचला. दुसरा वाचला. मग परत पहिला.

"अरे, किती शटलं मागवलीस?"

"एक."

"मग हे खात्यात काही उरलेलं का दिसत नाही?"

मिस्त्री उठून उभे राहिले. बसले. "नीट वाच."

"नीटच वाचतेय रे," आत्या म्हणाल्या, आणि चष्मा पुसून त्यांनी परत वाचलं.

"मास्तरणीला सांगू नकोस," मिस्त्री म्हणाले. पण आत्यांनी फोन लावलाही होता.

ती धावत आली. त्या दोन तासांत तिला जे येत होतं ते सगळं तिनं केलं. बँकेला फोन केला, मोठं कार्ड बंद केलं, तक्रार नोंदवली, पोलिसांत अर्ज दिला. एक पायरी चुकली नाही. बँकेच्या फोनवरच्या बाईनं सगळं लिहून घेतलं आणि सांगितलं, प्रयत्न करू, पण आशा फार धरू नका, पैसे पुढे सरकलेले दिसतात. ऑपरेशनचा दिवस रद्द करायला दवाखान्यात फोन आत्यांनी केला. तिथल्या मुलीनं विचारलं, पुढची कोणती तारीख देऊ? आत्या म्हणाल्या, "कळवते," आणि फोन बराच वेळ कानालाच धरून उभ्या राहिल्या.

संध्याकाळी घरी तिघंही जेवायच्या टेबलाशी बसली होती. जेवण तसंच होतं. मिस्त्रींनी सदरा बदलला नव्हता, म्हणून मी तिथे होतो.

"बाबा, मला का नाही सांगितलंत? एक फोन करायचा होता. मी दहा मिनिटांवर होते."

मिस्त्री पाण्याचा पेला इकडून तिकडे सरकवत राहिले.

"मी रागावले असते असं वाटलं का?"

"नाही."

"मग?"

"सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर तू वर्गात सांगितलं असतंस."

तेवढंच. आवाज चढला नाही, टोमणाही नव्हता. हवामान सांगावं तसं ते बोलले आणि हात धुवायला उठले.

ती आत्यांना म्हणाली, "आत्या, तुला एक सांगू? बाबांचं कार्ड तीन वेळा अडलं ना, ते तिन्ही मेसेज मला आले होते. वर्ग चालू होता. मी फोन वर धरून सगळ्यांना दाखवला. म्हटलं, बघा, माझ्या घरातलं कुणीतरी जास्त खर्च करायला निघालंय आणि कार्ड त्यांना थांबवतंय. याला म्हणतात सुरक्षितता. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

आत्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुझं शिक्षण खोटं नाही गं."

"माहीत आहे. म्हणून तर जास्त वाईट वाटतंय."

माझ्यात तेव्हाही पैसे होते. घरातले तेवढेच वाचलेले पैसे. लबाडाला ते मिळाले नाहीत, कारण मी नाही म्हणालो होतो. माझ्यासारखा यशस्वी आणि माझ्यासारखा नालायक राखणदार दुसरा नसेल.

तुम्ही मला जरूर घ्या. खात्याच्या पुढे मला उभं करा, ते माझं काम आहे आणि मी ते चोख करतो. पण ज्याच्या नावावर मला घ्याल, नंबरही त्याचाच टाका. मेसेज त्याला वाचता येत नसेल तर शेजारी बसून वाचून दाखवा. माझ्यात भरताना जरा सैल हातानं भरा. आणि त्यानं मागितले तर चारचौघांत कारण विचारू नका. माझ्यात पैसे कमी पडले तर भरता येतात. त्याच्या मनात एकदा विचारायची लाज बसली, की ती काढायला माझ्याकडे कुठलाही कोड नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मिस्त्री उजाडतानाच उठले. घरात त्यांच्या गेलेल्या बायकोचं मशीन आहे, मावशींच्या मशीनच्याच जातीचं. त्याचा स्क्रूसुद्धा त्यांनी इतक्या वर्षांत काढला नव्हता. त्यांनी ते उलटं केलं, डोळे मिटून घेतले आणि बोटांनी चाचपत त्यातलं शटल सोडवायला बसले. मावशींना शुक्रवार दिला होता.

ती आंघोळ करून आली तेव्हा ते अजून तेच करत होते. तिनं बघितलं आणि काही विचारलं नाही. कपडे घातले, पिशवी घेतली.

"आज वर्ग आहे?" आत्यांनी विचारलं.

"आहे. ती जाहिरात अजून चालू आहे, आत्या. सकाळी पाहिली मी. त्याच साइटवर आता साखर तपासायचं मशीन, कानाचं मशीन, सगळं विकायला ठेवलंय. वर्गातला कुणीतरी आजच फसेल. सांगायलाच हवं."

मशीनवरची बोटं थांबली. मिस्त्रींनी मान वर केली नाही. आत्यांनी एकदा भावाकडे पाहिलं, एकदा भाचीकडे. "अगं, पण..."

"मी फसले असं सांगणार आहे," ती म्हणाली. "शटल मला हवं होतं. कार्डात पैसे कमी होते, म्हणून मी बँकेचं कार्ड काढलं. कोड मी सांगितले. तिन्ही."

"तू? वर्ग घेणारी? मग तुझ्याकडे शिकायला कोण येईल?"

"नाही आलं कुणी तर नाही आलं. जाहिरात तरी कळेल त्यांना."

"खोटं बोलशील?" हे मिस्त्रींनी विचारलं. कालच्या त्या जेवणानंतर तिच्याशी बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "कार्डात कमी पैसे मी भरले, तुम्हाला मागायची लाज मी वाटायला लावली. यातलं मी काय केलं नाही ते सांगा, बाबा. तेवढं गाळते."

मिस्त्री मशीनच्या सुईखालच्या पत्र्यावर अंगठा फिरवत राहिले. मग खिशात हात घालून त्यांनी मला काढलं आणि तिच्या दिशेनं धरलं. ती जिथे होती त्याच्या थोडं बाजूलाच. तिनं हात पुढे करून मला घेतलं.

आता मी तिच्या मुठीत आहे. वाचनालयाचं दार समोर दिसतंय, आत खुर्च्या ओढल्याचे आवाज येतायत, मावशींचा आवाज सगळ्यांच्या वर. माझ्या अंगावरची तारीख यायला अजून अवकाश आहे, पण आज वर्ग संपला की ती बँकेत जाऊन मला बंद करणार आहे आणि त्यांच्या नावाचं, त्यांच्याच नंबराचं दुसरं कार्ड काढणार आहे. वाटेत स्वतःशीच बोलत होती ती, तेव्हा मी ऐकलं. तेव्हा मी इथेच तुमचा निरोप घेतो.

ती आत जाईल, फळ्यासमोर उभी राहील आणि म्हणेल, काल मी फसले. मावशी आधी हसतील, मग सगळेच हसतील. हसू द्या, या वेळी तिला. तेवढ्यासाठीच ती निघाली आहे.